हेल्पडेस्कचा फोन बंद करण्याआधी : आमच्या बँकेच्या डिजिटल विभागाला खुलं पत्र

डिजिटल विभागातल्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच बँकेत काम करते, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, काउंटर नंबर दोन. जानेवारी १९८८ मध्ये क्लार्क म्हणून लागले, येत्या मे महिन्याच्या शेवटी रिटायर होतेय. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बँकेची बदनामी करायची नाहीये, या बँकेच्या पगारावर माझ्या दोन्ही मुलांची शिक्षणं झाली. आणि दुसऱ्या बँकांतल्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा कळतं की थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चाललंय.

डिसेंबरात तुमचं सर्क्युलर आलं. १ एप्रिल २०२६ पासून सगळ्या शाखांमध्ये कर्मचाऱ्यांसाठी एआय सहाय्यक सुरू होणार, काहीही अडलं की त्याला टाइप करून विचारायचं, आणि म्हणून ३१ मार्चला हेल्पडेस्कचा फोन नंबर बंद होणार. ते सर्क्युलर मी तीनदा वाचलं. मग घरी गेले, जेवण झालं, आणि झोपच येईना, म्हणून हे लिहायला घेतलं, लिहिता लिहिता महिना गेला.

आधी एक गोष्ट सांगते, कारण तुमच्यातले बरेचजण माझ्या मुलीच्या वयाचे असतील आणि ही गोष्ट तुमच्या जन्माच्या आधीची आहे.

मी लागले तेव्हा सगळं लेजरवर होतं. मोठी, कापडी बांधणीची लेजरं, एकेक उचलायची म्हणजे दोन्ही हात लागायचे. खातेदाराला पितळी टोकन द्यायचं, व्हाउचर आत जायचं, लेजरला पोस्टिंग व्हायचं, ऑफिसर सही ताडून बघणार, मग कॅशियर टोकन नंबर पुकारणार. संध्याकाळी टॅली, म्हणजे दिवसभराचा हिशोब जुळवायचा. टॅली लागल्याशिवाय घरी जायचं नाही, मग साडेसहा वाजोत का नऊ. आमचे हेड क्लार्क होते, त्यांना सगळी शाखा अण्णा म्हणायची. एका संध्याकाळी माझा ६३ रुपयांचा फरक येत होता, मी दोन तास शोधत होते, रडायच्या बेताला आले होते. अण्णा आले, फरक बघितला आणि म्हणाले, "नऊने भाग जातोय का बघ." जात होता. म्हणाले, "मग कुठंतरी आकडा उलटा पडलाय. नऊ साते त्रेसष्ट, म्हणजे दोन आकड्यांत सातचं अंतर असेल. एक्याऐंशीचे अठरा केलेस का बघ, नाहीतर ब्याण्णवचे एकोणतीस." पाच मिनिटांत सापडलं, खरंच ८१ चे १८ लिहिले होते. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं, ते अण्णांनी त्यांच्या आधीच्या हेड क्लार्ककडून घेतलं होतं आणि मी पुढे किमान वीसजणांना शिकवलं असेल.

१९९२ मध्ये आमच्या शाखेत मशीन आलं. एएलपीएम म्हणायचे त्याला, लेजर पोस्टिंगचं मशीन. त्यासाठी काचेची एसी केबिन बांधली, आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मला इंग्लिश टायपिंग येत होतं म्हणून मला बसवलं. आणि अण्णा चोपन्न वर्षांचे, त्यांनी महिनाभर त्या केबिनमध्ये पाऊल टाकलं नाही. लोकांना भीती होती हो, खरी भीती, नोकऱ्या जातील अशी. युनियनने उगीच विरोध केला असं आज सगळे म्हणतात, पण मला ते पटत नाही. त्या विरोधामुळेच प्रत्येक पायरीला बोलणी झाली, सप्टेंबर १९८३ चा करार, मग १९८७ चा, मग १९९३ चा, मशीन कुठे लागणार, किती लागणार, त्यावर बसणाऱ्याला काय मिळणार, हे सगळं टेबलावर समोरासमोर बसून ठरलं. इकडे रिझर्व्ह बँकेने डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९८४ चा, मग १९८८ ला परत दुसरी समिती. म्हणजे मशीन आमच्या गावापर्यंत यायला आठ-दहा वर्षं लागली, आणि तेवढ्या वेळात माणसाचं मन तयार झालं.

मला सांगायचंय ते पुढचं. मशीन आल्यावर पहिले तीन महिने लेजर आणि मशीन दोन्ही चालू ठेवायचं असा नियम होता, पॅरलल रन. काम दुप्पट, सगळे वैतागलेले. पहिल्या सहामाहीचं व्याज मशीनने काढलं, सर्रकन प्रिंट आली, आम्ही सगळे खूष. अण्णांनी मात्र त्यातली पन्नास खाती निवडली आणि हाताने व्याज काढत बसले. तेव्हा सेव्हिंगचं व्याज रोजच्या शिलकेवर नव्हतं, महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं, २०१० च्या एप्रिलपासून रोजच्या शिलकेवर आलं. तर अण्णांच्या लक्षात आलं की काही खात्यांना व्याज कमी पडतंय. मशीन १० तारखेऐवजी १ तारखेपासूनची कमीत कमी शिल्लक धरत होतं. ज्यांचा पगार ५-६ तारखेला जमा होतो त्यांचं सगळ्यांचं नुकसान, म्हणजे शिक्षक, एसटीवाले, पाटबंधारे खात्यातले. अण्णांनी पत्र लिहिलं, कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला, अण्णांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला आणि अण्णांनी त्याला १० तारखेचा नियम समजावून सांगितला. चपला काढून अण्णा त्या केबिनमध्ये पहिल्यांदा गेले ते त्या दिवशी. त्यानंतर रिटायर होईपर्यंत रोज संध्याकाळी जायचे. टायपिंग शेवटपर्यंत दोन बोटांनीच केलं, पण मशीनची भीती गेली, कारण मशीनला काहीतरी आपल्याकडूनही शिकायचंय हे त्यांना कळलं होतं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे तुमचा एआय सहाय्यक. आमची शाखा त्याच्या ट्रायलमध्ये होती. मी स्वतः तीन आठवडे वापरला, त्याच्या विरोधात मी अजिबात नाही. कुठला फॉर्म, कुठला मेनू, अमुक खात्याला काय कागद लागतात, हे तो पटकन सांगतो, मराठीत विचारलं तरी कळतं त्याला. पूर्वी सर्क्युलर शोधण्यात अर्धा तास जायचा तो वाचला. पण दुसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या, नवरा वारलेला, खात्यावर वारस, म्हणजे नॉमिनी, लावलेला नाही, आठ लाखांची एफडी. मयत खातेदारांच्या क्लेमचे रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश सप्टेंबर २०२५ मध्ये आलेत, १५ लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने द्यायचं, कोर्टाचा वारस दाखला मागत बसायचं नाही, आणि सगळे कागद आले की १५ दिवसांत निकाली काढायचं, बँकांनी हे ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायचंय, आपल्या बँकेने तर नोव्हेंबरातच केलं. सहाय्यकाने सांगितलं की मर्यादा ५ लाख, दाखला मागा. ५ लाख ही सहकारी बँकांसाठीची मर्यादा आहे. त्याच कागदात शेजारी शेजारी लिहिलंय, त्याने चुकीची उचलली. आणि उत्तर इतकं ठाम, इतकं नीट मांडलेलं, की नव्या माणसाने डोळे मिटून त्या बाईंना कोर्टात पाठवलं असतं. वकील, तारखा, एसटीचं भाडं, कमीत कमी सहा महिने. मला खटकलं कारण ते सर्क्युलर मी आदल्याच रात्री वाचलं होतं. मी हेल्पडेस्कला फोन केला, तिथल्या मुलाने पाच मिनिटांत कन्फर्म केलं, मॅडम तुमचं बरोबर आहे. बाईंचे पैसे अकराव्या दिवशी जमा झाले.

तो फोन तुम्ही बंद करताय. सहाय्यक चुकला तर विचारायचं कुणाला? सर्क्युलरमध्ये लिहिलंय की उत्तराखालचं अंगठा खाली असलेलं बटण दाबा. मी दाबलं होतं. आज दीड महिना झाला, कुणाचा फोन नाही, मेल नाही, आणि परवा तोच प्रश्न परत टाकून बघितला तर परत ५ लाख.

आता गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरबद्दल बोलू द्या, कारण तेव्हा शाखेत काय झालं हे तुमच्यापर्यंत पोचलंय असं मला वाटत नाही.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग बदललं. दसरा गुरुवारी झाला, शनिवारपासून नवीन पद्धत. आधी दिवसभराचे चेक गोळा करून एकदम जायचे आणि दुसऱ्या दिवशी निकाल. आता ठरलेल्या वेळेत चेक आला की लगेच स्कॅन करून पाठवायचा आणि ज्याच्यावर चेक आहे त्या बँकेने संध्याकाळी ७ च्या आत हो की नाही सांगायचं. चांगली सुधारणा आहे, माझा आक्षेप नाही. पण गावाकडचा व्यवहार त्या एका दिवसाच्या फटीवर चालायचा हो. सिमेंटवाला, खतवाला, "आज चेक दिलाय, उद्या सकाळी पैसे भरतो" म्हणणारा, आणि खरंच भरणारा. त्या सगळ्यांचे चेक त्याच संध्याकाळी परत जायला लागले. त्यांना समजावून सांगायचं काम काउंटरवर आलं, आम्हालाच नीट माहीत नसताना. सुरुवातीच्या दिवसांत चेक अडकल्याच्या तक्रारी देशभर होत्या, पेपरात येत होतं, आणि दिवाळी तोंडावर, लोकांना पैसे हवेत.

मग ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या बँकांच्या वेबसाइटचा पत्ता बदलून शेवटी डॉट बँक डॉट इन आला. फसवणूक टळावी म्हणून, योग्यच आहे. पण आम्हीच तर वर्षानुवर्षं लोकांना सांगत होतो की पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं दिसलं तरी उघडू नका, त्यामुळे जे सावध होते तेच फोन करायला लागले, मॅडम ही साइट खोटी आहे का. लगेच १ नोव्हेंबरला नॉमिनेशनचा नियम बदलला, आता खात्याला चार वारस लावता येतात. आणि नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना, शाखेत पाय ठेवायला जागा नसते, सातारा जिल्हा आहे, फौजी पेन्शन प्रत्येक वाडीत. त्यांचं आता बँकेतून निघून स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर गेलंय, तरी आजी शेवटी आमच्याकडेच येते ना, कारण तिला खिडकी माहितीये, पोर्टल माहीत नाही. आयुष्यभर शेतात राबलेल्या हाताचे ठसे मशीन घेत नाही. मग चेहरा दाखवायचा, त्यात डोळ्यांची उघडझाप करायची असते, आणि आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठ दिवसांपूर्वी झालेलं, उजेडाकडे बघवत नाही. आमच्या शिपायाने तिला स्ट्राँगरूमच्या बाहेरच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये नेलं, स्वतः मागे पांढरा टॉवेल धरून उभा राहिला, आणि झालं एकदाचं. आता आम्ही सगळ्यांना तिथेच नेतो.

या चारही गोष्टी एका महिन्याच्या आत आल्या. प्रत्येकीचं ट्रेनिंग काय होतं, तर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ आणि शेवटी दहा प्रश्न. खरं लिहिते, राग मानू नका. ते व्हिडिओ आमच्याकडे आवाज बंद करून चालू ठेवले जातात, समोर खातेदार उभा असतो, त्याला थांबा म्हणता येत नाही, आणि प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. रोज संध्याकाळी रिजनल ऑफिसमधून यादी येते, कुठल्या शाखेचं ट्रेनिंग अपूर्ण, लाल रंगात. लाल रंगाच्या भीतीने सगळे पूर्ण करतात. तुमच्या डॅशबोर्डवर आमची शाखा १०० टक्के प्रशिक्षित दिसते. तो आकडा खरा नाही. त्या आकड्यावर विसंबून तुम्ही फोन बंद करत असाल तर माझी हात जोडून विनंती आहे, त्याच्यावर विसंबू नका.

आणि हे फक्त आमच्यासारख्या वय झालेल्यांचं आहे असंही समजू नका. माझ्या शेजारच्या काउंटरला चोवीस वर्षांची मुलगी आहे, बीएससी, हुशार, मोबाईल तर तिच्या हाताचाच भाग. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेची गर्दी झाली तेव्हा सगळ्या शाखेला तिनेच तारलं. बायका सांगायच्या की मेसेज आला पण पैसे आले नाहीत, आम्ही खातं बघायचो, शिल्लक शून्य, आम्हाला कळेना. तिने शोधून काढलं की पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलंय तिथे जातात, आणि निम्म्या बायकांनी कधीतरी बचतगटासाठी, कधी गॅससाठी, कुठल्यातरी दुसऱ्याच बँकेत आधार दिलेलं असतं. एका कोऱ्या कागदावर तिने मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं, "आधी आधार कुठे जोडलंय ते बघू, मग पैसे शोधू," आणि काचेवर चिकटवलं. तर ही मुलगी, गेल्या ऑक्टोबरमध्ये, स्कॅनर तिसऱ्यांदा अडकला आणि समोर पंधरा माणसं ओरडत होती तेव्हा उठून लेडीज टॉयलेटमध्ये जाऊन रडली. मी मागे गेले. ती म्हणाली, "काकू, मला येत नाही असं नाहीये ओ, मला बघायलाच वेळ मिळत नाही." हे वाक्य मी तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही एक वही केली. साधी, दोनशे पानी, तिच्यावर नाव घातलं प्रश्नवही. जे काही अडेल ते तारीख घालून लिहायचं, आणि ज्याला सुटेल त्याने खाली उत्तर आणि सही. आज तिच्यात १४३ नोंदी आहेत. दोन-तीन सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

नोंद १७ : एरर आला की स्क्रीन बंद करू नका, लाल पट्टी दहा सेकंदांनी आपोआप जाते, एंट्री आधीच झालेली असते, परत केली तर डबल पडते. (हे आम्हाला दोनदा पैसे डबल जमा करून मग कळलं, दोन्ही खातेदार भले होते, आपणहून सांगत आले.)

नोंद ५८ : वारसाचं नाव आधारप्रमाणे टाका, लग्नानंतरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर आधी मुलीला फोन लावायला सांगा, अंदाजाने टाकू नका.

आणि नोंद ६१, ही माझी आहे. एक बाई आल्या, साठी ओलांडलेल्या, तीन मुलं, दोन मुलगे एक मुलगी, म्हणाल्या एफडीला तिघांना सारखं लावा. आपल्या स्क्रीनवर टक्केवारी पूर्ण आकड्यात टाकावी लागते आणि बेरीज १०० व्हायला पाहिजे. ३३, ३३, ३३ टाकलं की ९९ होतात, सिस्टीम पुढे जात नाही. मी त्यांना म्हटलं, मावशी, एकाला एक टक्का जास्त द्यावा लागेल, कुणाला देऊ? त्या बघतच राहिल्या माझ्याकडे. मागे लाइन होती. त्यांनी पदराने तोंड पुसलं, खूप वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मधल्याला दिला तर थोरला बोलेल." परत गप्प. मग एकदम हळू आवाजात, "लेकीला घाला. तिनं कधी मागितलं नाही." तर नोंद अशी आहे : तीन वारस सारखे असतील तर ३४-३३-३३ होतं, ३४ कुणाला हे ग्राहकाला शांतपणे विचारा, वेळ द्या, आपल्या मनाने पहिल्या नावाला टाकू नका.

ज्यांनी ती स्क्रीन बनवली त्यांच्या हे लक्षात आलं नसणार, तीन मुलं असलेल्या आईसमोर ते बसले नव्हते, यात त्यांचा दोष काढत नाही मी. पण बनवण्याआधी त्यातला एकजण दोन दिवस आमच्या काउंटरच्या मागे बसला असता तर तिथे अपूर्णांक आला असता. पुण्याहून इंजिनिअर अण्णांशेजारी येऊन बसलाच होता की.

आमच्या बँकेत २००६ ला कोअर बँकिंग आलं, म्हणजे सगळ्या शाखा एकाच सिस्टीमला जोडल्या, तेव्हाचंही एक सांगायचं राहिलं. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, सरकारी बँकांतून एक लाखाच्या आसपास माणसं गेली, त्यात अण्णांच्या तालमीत तयार झालेली आमच्या आसपासच्या शाखांमधली सगळी अनुभवी माणसं गेली. त्यामुळे जुना डेटा नव्या सिस्टीमवर नेताना जुन्या खात्यांमध्ये काय घोळ आहेत हे सांगणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. शनिवारी रात्री डेटा गेला, सोमवारी सकाळी छतावरची डिश बंद, नेटवर्क नाही, बाजाराचा दिवस. आमच्या मॅनेजर साहेबांनी सगळ्यांच्या विरोधाला न जुमानता शुक्रवारी सगळ्या खात्यांच्या शिलकीच्या याद्या छापून घेतल्या होत्या, दोन गोणी भरून कागद. त्या याद्यांवरून, त्यांच्या सहीने, आम्ही दिवसभर पाचशे-हजार देत राहिलो. कुणी उपाशी परत गेलं नाही. नवीन सिस्टीम चालेलच असं धरून त्यांनी जुनी वाट बंद केली नाही, बस. आणि तुम्ही फोन बंद करायला नेमका ३१ मार्च निवडलाय. बँकेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षाअखेरच्या रात्री शाखेत काय असतं. तेव्हा प्रत्येक शाखेतून हेल्पडेस्कला फोन लागतो. १ तारखेला क्लोजिंगमुळे बँक लोकांसाठी बंद, म्हणजे २ तारखेला दार उघडेल तेव्हा नवीन सहाय्यक, पेन्शन आणि पगाराची गर्दी, आणि फोन नाही.

आता मागणं.

हेल्पडेस्कचा फोन निदान सहा महिने सहाय्यकासोबत चालू ठेवा, पॅरलल रन. अंगठा खाली केलेलं प्रत्येक उत्तर माणसाने वाचावं आणि ज्याने केलं त्याला फोन करून सांगावं की दुरुस्त झालं किंवा तुमचंच चुकलं होतं, दोन्ही चालेल. ट्रेनिंगसाठी व्हिडिओ ठेवा, पण त्याबरोबर आठवड्यातून एक तास काउंटर बंद ठेवायची परवानगी द्या, बुधवारी दुपारी चार ते पाच म्हणा, बाहेर बोर्ड लावू, लोक समजून घेतात, त्यांनाही दिसतंय आम्ही काय करतोय ते. पहिल्या तीन महिन्यांत नवीन स्क्रीनवर झालेल्या साध्या चुकीसाठी मेमो काढू नका. मेमोच्या भीतीने लोक चूक लपवतात, आणि लपवलेली चूक ऑडिटला सापडते तेव्हा कुणालाच आठवत नसतं ती कशी झाली. लाल-हिरव्या याद्या बंद केल्या तर उपकार होतील.

आणि सहाय्यकामुळे आमचा वेळ वाचला तर तो काढून घेऊन माणसं कमी करू नका एवढीच कळकळीची विनंती. गेल्या वर्षी एक निवृत्त मास्तर एफडी मोडायला आले होते, सगळी, बारा लाख. फॉर्म बरोबर, सही बरोबर, सिस्टीमला काहीच वावगं दिसलं नसतं. पण त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन चालू होता आणि ते माझ्याशी बोलताना खिशाकडे बघत होते. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, "कुणी धमकावतंय का? मान हलवा." त्यांनी मान हलवली. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉलवर कुणीतरी त्यांना दोन दिवस घरात डांबून ठेवलं होतं, डिजिटल अरेस्ट म्हणतात ते. मला ते दिसलं कारण त्या वेळी लाइनीत फक्त तीन माणसं होती आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघायला सवड होती. नोव्हेंबर असता तर मी शिक्का मारला असता, हे मी मनापासून सांगते, आणि त्या विचाराने मला अजून कापरं भरतं.

प्रश्नवहीची झेरॉक्स या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने तुमच्या विभागाच्या पत्त्यावर पाठवतेय. त्या मुलीने सगळ्या पानांचे फोटोही काढून ठेवलेत, मेल आयडी कळवलात तर ती पाठवेल. खातेदारांची नावं आणि नंबर आम्ही खोडलेत. काही ठिकाणी अक्षर लागणार नाही, शिपाई मामांच्या नोंदी पेन्सिलने आहेत, पण त्या वाचाच, हयातीच्या दाखल्याबद्दल त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

आणि जमलं तर तुमच्यातलं कुणीतरी या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आलात तर पेन्शनची गर्दी बघायला मिळेल, शक्यतो सोमवारी या, आमचा बाजार असतो. साताऱ्याहून एसटी आहे, सकाळी साडेसातची पकडलीत तर दहाच्या आत पोचाल. माझ्या काउंटरच्या मागे एक खुर्ची रिकामी आहे, मागच्या वर्षी रिटायर झालेल्या माणसाची, ती जागा अजून भरलेली नाही. जेवणाची सोय माझ्याकडे.

तुमची,
काउंटर नंबर दोन